किल्लीची आंघोळ

आबा, परवा गाडी चालू झाली नाही. तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच केला असता, की सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय का. फिरत होतं. बॅटरी तगडी होती, इंजिन चांगलं गरगर फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दारावरचं तोरण अजून ताजं, गाडीच्या पुढच्या जाळीवर आदल्या दिवशीचा झेंडूचा हार, आणि मी किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झालेलो.

तुम्हाला आताचं काही माहीत नाही, म्हणून आधी ते सांगतो. तुमची जीप आता नाही. गंगापूर रोडला जीपमध्ये माणसं भरून नेण्याचा आपला धंदा तुमच्यामागं मी सात-आठ वर्षं चालवला. मग घरोघरी मोटारसायकली आल्या, जीपला माणसं मिळेनात, आणि ती विकावी लागली. आता माझ्याकडं एक व्हॅन आहे. आपल्या भागातल्या आजारी माणसांना मी शहरात दवाखान्यात नेतो आणि परत आणतो. त्यातले बहुतेक डायलिसिसचे. किडनी काम करत नाही म्हणून मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, आठवड्यातून दोनदा-तीनदा, जन्मभर. एकदा माणूस आत नेला की चार तास लागतात. ते चार तास मी दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसून काढतो. आजही तिथंच बसलोय. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहितोय. कशासाठी लिहितोय ते मलाही नीट सांगता येणार नाही. दमलोय, एवढंच कळतं.

परवा गाडीत एकच पेशंट होती. धनगरवस्तीवरची म्हातारी आणि सोबत तिची सून. वस्तीचा रस्ता पावसानं उखडलाय, त्यामुळं म्हातारीचा मुलगा दोघींना मोटारसायकलवर आपल्या दारात आणून सोडतो आणि मेंढरांमागं निघून जातो. दसऱ्याच्या दिवशी तिची डायलिसिसची पाळी होती, पण तिनं यायचं नाकारलं. "सणाच्या दिशी मी सुया टोचून घेणार नाय. देवापुढं कोण बसंल मग?" असं म्हणाली. ती पाळी चुकली ती चुकलीच. परवा आली तेव्हा तिचं तोंड सुजलं होतं, पायावर बोट दाबलं तर खड्डा राहत होता, आणि चार शब्द बोलली की दम घ्यायला थांबत होती. साडेआठपर्यंत पोचलो नाही तर मशीन दुसऱ्याला देतात. मग दुपारची पाळी, तीही मिळाली तर. अंगातलं पाणी तोवर वाट बघत नाही, ते छातीत चढतं. हे मला माहीत होतं आणि सुनेलाही. साडेसहाला मी पहिल्यांदा किल्ली फिरवली.

बंद गाडीला तीनच गोष्टी विचारायच्या हे तुम्ही शिकवलेलं. डिझेल पोचतंय का, नळीत हवा शिरलीय का, करंट येतोय का. आणि एकाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. "गाडीला घाई कळत नाय. घाई तुला असंल," असं म्हणायचात. काटा अर्ध्याच्या वर होता, म्हणजे डिझेल होतं. मी बॉनेट उघडलं आणि सरळ हवेकडं गेलो. मी नेहमी हवेकडंच जातो. गाडी कुणाचीही असो, माझा हात आधी डिझेल फिल्टरवरच्या हातपंपाकडं जातो. त्याचं कारण पुढं लिहितो, आत्ताच लिहिलं तर बाकीचं लिहून होणार नाही. फिल्टरवरचा नट ढिला केला, पंप मारला. स्वच्छ डिझेल आलं, एकही बुडबुडा नाही. नट आवळून सेल्फ मारला. काही नाही. परत नट ढिला केला.

म्हातारी आतून बघत होती. "काल लई पुरणपोळी चारली का रं तिला?" ती म्हणाली. "सुस्तावलीया."

"येतीया चालू, मावशी."

"बैल असा बसला... की शेपूट पिळत्यात." दम घेऊन म्हणाली, "हिला शेपूट कुठंय बघ."

मला पैठण रोडवरचा दिवस आठवला. मी बावीस-तेवीसचा असेन. बाजाराचा दिवस, जीप गच्च भरलेली, आणि ती चढावर बंद पडली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. दोन-चारदा खटपट केली, आणि उतरून चाकाला लाथ मारली, वर एक घाणेरडी शिवी. तुम्ही माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. तुम्ही सावकाश उतरलात आणि म्हणालात, "पाया पड." मी म्हणालो, "कुणाच्या?" "जिला लाथ मारली तिच्या." पंधरा माणसं बघत होती. आतून एक बाजारकरी ओरडला, "हळदकुंकू बी लावा म्हणावं, सुवाशीण हाय ती!" अख्खी जीप हसली. मी चाकाला हात लावून कपाळाला लावला. कान तापलेले, डोळ्यांत पाणी. मग तुम्ही हलक्या आवाजात म्हणालात, "ती बोलतीया. तुला ऐकू येत नाय, ही चूक तिची का तुझी?" बॉनेटमध्ये डोकं घालून मला म्हणालात, सेल्फ मार. मी मारला. तुम्ही नुसतं ऐकलंत, बॅटरीची एक ढिली वायर बोटानं दाबलीत, आणि जीप चालू झाली. परत येताना शहरात शहागंजात थांबून पान्यांचा एक संच घेतलात आणि माझ्या मांडीवर ठेवलात. त्यातले तीन पाने हरवले, बाकीचे अजून मीच वापरतो. तुमच्या हाताची मात्र मला कधी सर आली नाही. मी ऐकतो, पण मला जे ऐकायचं असतं तेच ऐकतो.

सात वाजून गेले. एअर फिल्टर काढून झटकला, फ्यूज एकेक उपसून बघितले, बॅटरीची टोकं घासली. सुनेनं दोनदा विचारलं, दुसरी गाडी मिळंल का. दोघांना फोन केले. एकजण सणाला सासरवाडीला गेलेला, दुसऱ्यानं फोनच उचलला नाही. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, तास लागेल. तेव्हाच बोलवायला हवी होती. मी म्हणालो, नको, पाच मिनिटांत चालू होईल. मग ती पाच मिनिटं वाढत गेली. म्हातारीची थट्टा बंद झाली होती. ती सीटवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती, आणि त्याचा आवाज मला बॉनेटपाशी ऐकू येत होता. मी परत पंपाला हात घातला होता. सून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसलेली. ती म्हणाली, "काका, ह्यो लाल दिवा लुकलुकतोय. रोज नसतो."

"तू गप बस गं बाई, मला करू दे," मी म्हणालो.

आणि पंपावरचा माझा हात थांबला. हे शब्द माझ्या तोंडून आधी एकदा निघालेत, आबा. तुम्हाला उद्देशून.

मी गॅरेजच्या मेकॅनिकला फोन लावला. तो झोपेतच होता, तरी त्यानं पहिलं हेच विचारलं, "किल्लीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकतोय का, काका?" मी व्हय म्हणालो. "मग डिझेलकडं कशाला गेलात? गाडी किल्लीला ओळखत नाही. हल्लीच्या किल्लीत चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. दुसरी किल्ली असेल ती लावा." दुसरी किल्ली आईच्या पेटीत होती. गाडी घेतली त्या दिवशी ज्या पिशवीत आली त्याच पिशवीत, पातळांच्या खाली. ती लावली आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. सून मागं जाऊन सासूला धरून बसली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पहिल्या किल्लीला काय झालं होतं? तिला आंघोळ घातली होती. ही सवय तुमचीच. आपल्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या अंगाला कोनाड्यात देव होते. रोज सकाळी तुम्ही देव ताम्हनात घ्यायचात, आणि सगळ्यांत शेवटी जीपची किल्ली. देवांबरोबर तिच्यावरही पाणी, मग पंच्याच्या टोकानं पुसायचं, गंधाचं बोट लावायचं, आणि मगच ती खिशात. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "देवापरीस त्या चावीलाच जास्त घासता." तुम्ही म्हणायचात, "देव रुसला तर पाया पडून मनवता येतो. ही रुसली तर पंधरा माणसं रस्त्यावर." ती किल्ली म्हणजे लोखंडाचा तुकडा, तिला पाण्यानं काय होणार? तुम्ही गेल्यावर मी ते तसंच चालू ठेवलं. गाडी बदलली, किल्ली प्लॅस्टिकची आली, तिला चीर गेली, मी वर चिकटपट्टी गुंडाळली, तरी रोज सकाळी ताम्हनात तिचं पाणी चुकलं नाही. दसऱ्याला तर पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं. भक्तीत काही खोट नव्हती. पण हातात काय आहे हे एकदाही नीट बघितलं नाही.

दवाखान्यात पोचायला नऊ वाजून गेले. मशीन दुसऱ्याला दिलेलं. नर्स मला म्हणाली, "एक पाळी आधीच चुकवलीय आणि आज पुन्हा उशीर? माणूस हातचा जाईल तुमच्या." मी मान खाली घातली. म्हातारीला ऑक्सिजन लावून बाकावर बसवलं, आडवं झालं की तिला गुदमरायचं. दीड वाजेपर्यंत ती तशीच बसून होती. मी समोर उभा. मनातल्या मनात नामस्मरण करत होतो, पण मध्येच घड्याळाकडं बघायचो आणि कुठपर्यंत आलो ते विसरायचो. एकदा तिनं खूण करून जवळ बोलावलं. मास्क जरासा उचलून म्हणाली, "किल्लीचं कळलं मला. सुनेनं सांगितलं." मला वाटलं आता शिव्या देणार. ती म्हणाली, "तू चावीला न्हाऊ घातलंस... म्या पाळी सोडली. दोघांनी बी देवाचंच केलं की रं." आणि मास्क परत लावला. दीड वाजता तिला आत घेतलं. ती वाचली. पण ते माझ्या हातानं झालं नाही.

काल ती किल्ली घेऊन शहागंजात गेलो. तिथल्या गल्लीत एक म्हातारा किल्लीवाला बसतो. त्यानं ती उघडून नाकाशी नेली. "दूध?" मी म्हणालो, दूध, दही, मध. "शक्कर?" साखर बी. त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, "अरे इधर आओ, इनकी चाबी का नाश्ता देखो!" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "रोज नहलाते इसको? मेरे कू तो जुम्मे के जुम्मे फुरसत मिलती, मियाँ." मीही हसलो. किती दिवसांनी हसलो कुणास ठाऊक. नवीन किल्ली करून द्यायचं त्यानं कबूल केलं. निघताना जुनीचे तुकडे एका कागदात नीट गुंडाळून त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरले. "फेंकना नक्को. पूजे की चीज है."

माझा हात आधी पंपाकडं का जातो, ते आता लिहितो. तुमच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी जीपमधलं डिझेल संपवून ती रस्त्यात उभी केली होती. काटा पावाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा तुमचा दंडक. मी कॅनमधून डिझेल आणून ओतलं, दोघा-तिघांना घेऊन जीप ढकलत अंगणात लावली, आणि नळीत शिरलेली हवा सकाळी पंप मारून काढू म्हणून तशीच ठेवली. तुम्हाला सांगितलं नाही. सकाळी देवपूजेला बसताना तुमच्या छातीत कळ आली. तुम्हाला मागच्या सीटवर निजवलंय. आई चादर आणायला आत गेलीय, चुलते माणसं बोलवायला. गाडीत तुम्ही आणि मी, दोघंच. मी सेल्फ मारतो. इंजिन फिरतं, पेट घेत नाही. मागून तुमचा आवाज येतो, अगदी बारीक. "हवा धरलीया. पंप मार." मला माहीत आहे हवा आहे, मीच शिरू दिली. पण उतरून पंप मारला तर तुम्हाला कळेल की मी डिझेल संपवलं. म्हणून मी सेल्फच मारत राहतो, फिरून फिरून आपोआप निघेल म्हणून. माणसाला अशा वेळीसुद्धा लाज वाटते, हे कुणी मला सांगितलं असतं तर पटलं नसतं. तुम्ही परत म्हणता, "पंप मार, लेका." मी मागं न बघता म्हणतो, "तुम्ही गप पडा आबा, मला करू द्या." त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. बॅटरी बसली. मग मी उतरून पंप मारला, माणसं जमली, जीप ढकलली, ती चालू झाली. पाऊण तास गेला होता. शहराच्या वाटेवर, वाळूजच्या अलीकडं मी जीव खाऊन जीप पळवतोय आणि मागून आई म्हणाली, "आता हळू चालव."

त्या पाऊण तासानं काही फरक पडला असता का, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही. इतकी वर्षं दवाखान्याच्या दारात बसतो, रोज डॉक्टर समोरून जातात, तरी नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "मी चादर आणाया गेले तवा काय बोलले का रं?" मी म्हणालो, "रामकृष्ण हरी म्हणत होते." विचार करून बोललो नाही, तोंडातून गेलं. तुमच्यासारख्या माणसाच्या तोंडी तेच शोभलं असतं. आईनं डोळे मिटून हात जोडले, आणि तेव्हापासून ती ते सगळ्यांना सांगत आली. तेराव्याला कीर्तनकार बुवांनी सांगितलं. दर पितृपक्षाला पंगतीत निघतं. माझ्या लेकीला तर तुमची एवढीच गोष्ट माहीत आहे, की आजोबा देवाचं नाव घेत गेले. तुम्ही देवाचं नाव घेतलं नाही, आबा. तुम्ही पंप मार म्हणालात, दोनदा म्हणालात. मला वाटतं, देवाला त्याचा राग आला नसेल. पण माझ्या वाटण्याला काय किंमत आहे?

आज म्हातारी बरी आहे, सूज उतरलीय. गाडीत चढताना मला विचारलं, "आज चावीची न्याहारी झाली का?" सुनेला मी म्हणालो, त्या दिवशी तुझं ऐकायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या काका. आमच्या घरी तरी बायांचं कोण ऐकतंय?"

चार तास होत आले. वही लेकीची आहे, म्हणून ही पानं काढून घेतो. घरी ठेवली तर ती वाचील आणि आजीला सांगेल. गाडीच्या खणात, कागदपत्रांच्या खाली राहू देतो.

आणखी एक लिहायचं राहिलं. आज सकाळी निघताना आई ओट्यावर बसली होती. म्हातारी गाडीत बसेपर्यंत सून आईजवळ उभी राहिली, आणि आई नेहमीसारखी तुमची गोष्ट सांगायला लागली. "आमचे मालक रामकृष्ण हरी म्हणत गेले. ह्यानं सोताच्या कानानं ऐकलंय. व्हय ना रं?"

सून माझ्याकडं बघत होती. मी व्हय म्हणालो.